जेसी ओवेन्स : मैदान आणि महाविद्यालय

(जेसी ओवेन्स हे जगातील एक थोर धावपटू. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांनी चार सुवर्णपदके मिळवली, हे अनेकांना माहीत असते. पण खेळाच्या बळावर त्यांना महाविद्यालयात प्रवेश कसा मिळाला आणि पुढे त्यांच्या शिक्षणाचे काय झाले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांच्या जीवनातील ही बाजू या पाठात सांगितली आहे.)

अमेरिकेच्या दक्षिण भागात अलाबामा नावाचे राज्य आहे. तेथील ओकव्हिल या लहानशा खेड्यात १२ सप्टेंबर १९१३ रोजी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव जेम्स क्लीव्हलँड ओवेन्स. दहा भावंडांत तो सर्वांत धाकटा होता. त्याचे आजोबा गुलाम होते. वडील हेन्री दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत. पीक निघाले की मोठा हिस्सा जमीनमालकाच्या घरी जाई. उरलेल्या धान्यावर एवढे मोठे कुटुंब कसेबसे दिवस काढी. कापूस वेचायच्या दिवसांत लहान मुलांनाही शेतावर जावे लागे. त्यामुळे त्यांची शाळा वारंवार बुडे. त्यात हा मुलगा प्रकृतीने अशक्त होता. दर हिवाळ्यात त्याला छातीचा आजार होई आणि आई मेरी एम्मा रात्र रात्र त्याच्या उशाशी बसून राही.

त्या काळी दक्षिणेतील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कामाच्या शोधात उत्तरेकडील शहरांत जात होती. मुलगा साधारण नऊ वर्षांचा असताना ओवेन्स कुटुंबही ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात आले. तेथे मुलाचे नाव शाळेत घातले. घरात सगळे त्याला जे. सी. म्हणत. शिक्षिकेने नाव विचारले तेव्हा त्याने तेच सांगितले. पण त्याचे उच्चार दक्षिणेकडचे होते. शिक्षिकेला ते नाव जेसी असे ऐकू आले आणि तिने हजेरीपटात तसेच लिहिले. लाजाळू मुलाने चूक दुरुस्त केली नाही. पुढे साऱ्या जगाने त्याला याच नावाने ओळखले.

क्लीव्हलँडमध्ये आल्याने गरिबी काही संपली नाही. शाळा सुटली की जेसी चांभाराच्या दुकानात काम करी. कधी किराणा सामान घरोघरी पोचवी, तर कधी मालगाड्यांत माल भरी. त्याच्या शाळेत चार्ल्स रायली नावाचे व्यायामशिक्षक होते. या मुलाचे पाय काही वेगळेच आहेत, हे त्यांनी पहिल्याच दिवसांत ओळखले. शाळा सुटल्यावर इतर मुले मैदानावर जमत, पण जेसीला कामावर जावे लागे. मग रायली यांनी एक उपाय काढला. शाळा भरण्यापूर्वी, पहाटे ते एकट्या जेसीसाठी मैदानावर येऊ लागले. त्यांनी त्याला धावायला शिकवले, तसेच चारचौघांत कसे बोलावे व कसे वागावे हेही शिकवले. रायली गोरे होते. गोऱ्या-काळ्यांत मोठी दरी असलेल्या त्या काळात त्यांनी या मुलावर पोटच्या मुलासारखी माया केली. जेसी जन्मभर त्यांचे उपकार विसरला नाही.

पुढे जेसी ईस्ट टेक्निकल या माध्यमिक शाळेत गेला. नावाप्रमाणेच या शाळेत हाताच्या कामांचे आणि यंत्रांचे शिक्षण देण्यावर भर होता. महाविद्यालयात जाण्यासाठी लागणारी अभ्यासाची तयारी तेथे फारशी होत नसे. अभ्यासात जेसी कच्चाच राहिला. मैदानावर मात्र त्याला तोड नव्हती.

जून १९३३ मध्ये शिकागो येथे देशभरातील शाळांच्या स्पर्धा झाल्या. जेसी १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर अंतर ९.४ सेकंदांत धावला. ही त्या वेळच्या जागतिक विक्रमाची बरोबरी होती. २२० यार्डांची शर्यत त्याने २०.७ सेकंदांत जिंकली. लांब उडीत त्याने २४ फूट ९ १/२ इंचांची उडी मारली. शाळेत शिकणाऱ्या मुलाचा हा पराक्रम पाहून लोकांनी तोंडात बोटे घातली.

आणि येथूनच त्याच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. देशातील अनेक विद्यापीठे जेसीला आपल्याकडे बोलावू लागली. एका गरीब, कृष्णवर्णीय आणि अभ्यासात मागे असलेल्या मुलासाठी एरवी विद्यापीठाचे दार सहजासहजी उघडले नसते. आता तेच दार त्याच्यासाठी सताड उघडे झाले होते.

असे का झाले, हे समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत विद्यापीठांच्या खेळांना फार मोठे महत्त्व आहे. संघ जिंकला की विद्यापीठाचे नाव होते, सामन्यांची तिकिटे खपतात आणि जुने विद्यार्थी देणग्या देतात. म्हणून विद्यापीठांचे प्रशिक्षक गावोगावच्या शाळांतून चांगले खेळाडू हेरतात आणि त्यांना आपल्या संघात ओढतात. १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानाने याची चौकशी करून एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. शंभराहून अधिक महाविद्यालयांची माहिती त्यात होती. खेळाडूंना ओढण्यासाठी बहुतेक ठिकाणी या ना त्या मार्गाने पैसे, सवलती किंवा नोकऱ्या दिल्या जात असल्याचे त्या अहवालातून उघड झाले. उघडपणे शिष्यवृत्ती देणे अनेक ठिकाणी नियमाविरुद्ध होते. पण नोकरी देण्याला कोणी हरकत घेत नसे.

जेसीच्या बाबतीतही असेच घडले. त्या वेळी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी होती आणि त्याच्या वडिलांच्या हाताला काम नव्हते. घरच्यांना उपाशी ठेवून शिकायला जाणे जेसीला पटत नव्हते. तेव्हा त्याच्या वडिलांसाठी नोकरी शोधण्यात आली. घराची चूल पेटण्याची सोय झाली आणि मगच जेसी ओहायो स्टेट विद्यापीठात जायला तयार झाला. मुलाच्या पायांनी बापाला काम मिळवून दिले!

काही कृष्णवर्णीय लोकांना मात्र जेसीची ही निवड आवडली नाही. ओहायो स्टेटमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बरोबरीने वागवले जात नाही, मग अशा विद्यापीठाचे नाव जेसीने का मोठे करावे, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल किती खरा होता, याचा अनुभव जेसीला लवकरच आला.

१९३३ च्या शरद ऋतूत जेसी कोलंबस शहरातील या विद्यापीठात दाखल झाला. विद्यापीठाच्या आवारात त्याला राहायला जागा मिळाली नाही. तो इतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांबरोबर आवाराबाहेर एका घरात राहू लागला. जवळची अनेक उपाहारगृहे त्याच्यासाठी बंद होती. संघ दुसऱ्या गावी जाई तेव्हा गोरे खेळाडू हॉटेलात बसून जेवत. जेसीला आणि त्याच्या कृष्णवर्णीय सोबत्यांना बाहेर थांबून जेवण बांधून घ्यावे लागे किंवा कृष्णवर्णीयांसाठी असलेली वेगळी खाणावळ शोधावी लागे.

त्याला कोणतीही शिष्यवृत्ती नव्हती. फी, पुस्तके, जेवण आणि घरभाडे यांचा खर्च त्यालाच भागवावा लागे. म्हणून त्याने राज्य विधानभवनाच्या इमारतीत लिफ्ट चालवण्याचे काम धरले. सकाळी वर्ग, दुपारी मैदानावर सराव आणि रात्री लिफ्ट, असा त्याचा दिनक्रम होता. लिफ्टला गिऱ्हाईक नसे तेव्हा तो पुस्तक उघडून बसे. पण दिवसभराच्या श्रमांनी शरीर थकून गेलेले असे. शाळेतला पाया कच्चा, त्यात वेळ अपुरा. मग अभ्यास कसा व्हावा? त्याला मैदानावर शिकवायला लॅरी स्नायडर यांच्यासारखे कुशल प्रशिक्षक होते. वर्गात मात्र रायली यांच्यासारखे हाताला धरून शिकवणारे कोणी नव्हते.

नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळता येत नसे. पुढच्या वर्षी जेसी मैदानात उतरला आणि त्याने इतिहास घडवला.

तो दिवस होता २५ मे १९३५. मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे दहा विद्यापीठांच्या स्पर्धा होत्या. थोड्याच दिवसांपूर्वी पडल्यामुळे जेसीची पाठ दुखावली होती. त्याला नीट वाकताही येत नव्हते. तरीही तो उतरला. सव्वातीन वाजता त्याने १०० यार्डांच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली. दहा मिनिटांनी त्याने लांब उडी मारली. एकच उडी! ती २६ फूट ८ १/४ इंच भरली. हा विश्वविक्रम पुढे पंचवीस वर्षे कोणालाही मोडता आला नाही. त्यानंतर २२० यार्डांची धाव आणि २२० यार्डांची अडथळ्यांची शर्यत यांतही त्याने नवे विश्वविक्रम केले. हे सारे अवघ्या पाऊण तासात घडले.

जुलै १९३५ मध्ये रूथ सॉलोमन या तरुणीशी जेसीचा विवाह झाला. आता त्याचे नाव देशभर गाजत होते. ठिकठिकाणी शर्यती होत्या, प्रवास होते, सत्कार होते. पण वहीत मात्र गुण घसरत होते. अखेर नको तेच झाले. कमी गुणांमुळे १९३६ च्या हिवाळ्यातील स्पर्धांत विद्यापीठातर्फे खेळण्यास तो अपात्र ठरला. ज्या खेळामुळे त्याला प्रवेश मिळाला होता, तो खेळच अभ्यास मागे पडल्यामुळे काही काळ थांबला. मग जेसीने नेट लावून अभ्यास केला आणि तो पुन्हा संघात आला.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बर्लिन शहरात ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. तेव्हा जर्मनीत हिटलरची सत्ता होती. गोरा जर्मन वंश सर्वांत श्रेष्ठ आहे, असा त्याच्या पक्षाचा प्रचार होता. त्या भरगच्च मैदानावर एका कृष्णवर्णीय तरुणाने १०० मीटर, लांब उडी, २०० मीटर आणि ४ × १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली. त्याच्या पायांनी त्या प्रचाराला चोख उत्तर दिले. लांब उडीत दुसरा आलेला जर्मन खेळाडू लुझ लाँग सर्वांसमोर जेसीजवळ आला आणि त्याने त्याचे अभिनंदन केले. ती मैत्री जगाच्या आठवणीत राहिली.

ऑलिंपिक संपताच क्रीडासंघटनेने खेळाडूंना पैसा जमवण्यासाठी युरोपातील गावोगावी धावायला लावले. या धावपळीने जेसी थकून गेला होता. त्याने पुढच्या दौऱ्यावर जाण्यास नकार दिला आणि तो मायदेशी परतला. संघटनेने त्याच्यावर बंदी घातली. त्यामुळे हौशी खेळाडूंच्या स्पर्धा त्याला बंद झाल्या आणि विद्यापीठाच्या संघात परतण्याची वाटही बुजली. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या स्वागताची मोठी मिरवणूक निघाली. पण ज्या हॉटेलात त्याचा सत्कार होता, तेथे कृष्णवर्णीय म्हणून त्याला मालवाहू लिफ्टने वर जावे लागले.

आता ओवेन्स यांच्यापुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. हाती पदके होती, पण पदवी नव्हती. डिसेंबर १९३६ मध्ये क्युबा देशातील हवाना येथे ते पैशांसाठी एका घोड्याबरोबर धावले. पुढेही त्यांना असे खेळ करावे लागले. जगातील सर्वांत वेगवान माणसाला जनावराशी शर्यत लावावी लागली, याचे अनेकांना वाईट वाटले. पण घर चालवायचे तर दुसरा मार्ग दिसत नव्हता. त्यांनी ड्रायक्लीनिंगचा धंदा सुरू केला. तो बुडाला आणि १९३९ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले.

अशा वेळी त्यांना अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणाची आठवण झाली. १९४० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते पुन्हा ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झाले. त्या वेळी घरी पत्नी आणि तीन मुली होत्या. आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलांबरोबर हा जगप्रसिद्ध माणूस वर्गात बसू लागला. त्यासाठी केवढे धैर्य लागले असेल! पण वेळ निघून गेली होती. गुण काही केल्या वाढेनात. अखेर १९४१ मध्ये त्यांनी विद्यापीठ कायमचे सोडले. पदवी राहिली ती राहिलीच.

यात दोष कोणाचा? ओवेन्स यांनी अभ्यासाकडे आणखी लक्ष द्यायला हवे होते, हे खरे आहे. पण विद्यापीठाला त्यांचे पाय हवे होते. त्या पायांबरोबर आलेल्या मुलाच्या राहण्याची, जेवण्याची आणि शिकण्याची काळजी कोणी घेतली नाही, हेही तितकेच खरे आहे.

पुढे अमेरिकेतील नियम बदलले. १९५६ पासून विद्यापीठांना खेळाडूंना उघडपणे पूर्ण शिष्यवृत्ती देता येऊ लागली. मग शिक्षणाचे काय, हा प्रश्न लोक विचारू लागले. तेव्हा १९८६ पासून मोठ्या विद्यापीठांच्या संघांत पहिल्या वर्षापासून खेळण्यासाठी शाळेतील मुख्य विषयांत ठराविक गुण असण्याची अट आली. तरीही खेळाचे वजन कमी झालेले नाही. हार्वर्ड हे जगातील एक नामांकित विद्यापीठ. तेथील प्रवेशांबद्दलचा एक खटला २०१८ मध्ये न्यायालयात चालला. तेव्हा पुढे आलेल्या माहितीनुसार, प्रशिक्षकांनी निवडलेल्या शंभर खेळाडूंपैकी सुमारे ८६ जणांना प्रवेश मिळत असे. खेळाडू नसलेल्या आणि इतर कोणताही विशेष वशिला नसलेल्या शंभर अर्जदारांपैकी सहा जणांनाही तो मिळत नसे. खेळ दार किती रुंद उघडतो, हे यावरून दिसते. पण आत गेल्यावर शिकावे लागते ते स्वतःलाच.

ओवेन्स संकटांनी खचले नाहीत. ते शिकागो शहरात राहू लागले आणि मुलांसाठी काम करू लागले. त्यांना उत्तम बोलता येई. गावोगावी जाऊन ते तरुणांना कष्टांचे आणि शिस्तीचे महत्त्व सांगत. १९५५ मध्ये अमेरिकन सरकारने त्यांना खेळांचे सदिच्छादूत म्हणून परदेशी पाठवले. त्या दौऱ्यात ते आपल्या भारतातही आले होते.

आपल्याला जे मिळाले नाही, ते मुलींना मिळावे याची त्यांनी काळजी घेतली. त्यांची एक मुलगी ओहायो स्टेटमध्येच शिकली. ज्या विद्यापीठाने बापाला आवारात राहायला जागा दिली नव्हती, तेथील विद्यार्थ्यांनी १९६० मध्ये त्या मुलीला वार्षिक मेळाव्याची राणी म्हणून निवडले. हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होती.

१९७२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाने ओवेन्स यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. तरुणपणी जी पदवी हातून निसटली होती, तिच्याहून मोठी पदवी त्यांना एकोणसाठीच्या उंबरठ्यावर मिळाली. १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. ३१ मार्च १९८० रोजी ॲरिझोना राज्यातील टूसॉन येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मागे त्यांच्या नावाने एक संस्था उभी राहिली. पत्नी रूथ यांनी तिचे काम पुढे चालवले. या संस्थेने अनेक होतकरू मुलामुलींना शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या दिल्या. जेसी ओवेन्स यांना रात्री लिफ्ट चालवून शिकावे लागले होते. त्यांच्या नावाने मिळालेल्या मदतीमुळे मात्र कितीतरी मुलांना रात्री निवांतपणे पुस्तक उघडता आले. ओवेन्स यांचे यापेक्षा चांगले स्मारक दुसरे कोणते असू शकेल?

शब्दार्थ

वाट्याने कसणे – पिकाचा हिस्सा देऊन दुसऱ्याची जमीन करणे
हेरणे – शोधून काढणे, बरोबर ओळखणे
शिष्यवृत्ती – शिकण्यासाठी मिळणारी पैशांची मदत, वजीफा
अपात्र – नालायक ठरलेला, हक्क नसलेला
हौशी खेळाडू – पैशांसाठी नव्हे, आवडीने खेळणारा खेळाडू
सदिच्छादूत – मैत्रीचा संदेश नेणारा प्रतिनिधी
होतकरू – पुढे नाव काढील असा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जेसी हे नाव कसे पडले?
(आ) रायली जेसीचा सराव पहाटे का घेत?
(इ) विद्यापीठात शिकताना जेसी कोणते काम करी?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विद्यापीठे चांगले खेळाडू का शोधतात?
(आ) जेसीचा अभ्यास मागे का पडला?
(इ) १९४० मध्ये ओवेन्स पुन्हा विद्यापीठात का गेले असतील?

३. वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
तोंडात बोटे घालणे, तोड नसणे, दिवाळे निघणे.

४. विचार करा आणि लिहा.
खेळाडूंना महाविद्यालयात प्रवेश देताना अभ्यासाच्या गुणांची अट असावी का? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.